क्रेडिट कार्डाचं बिल ग्नूकॅशमध्ये शेड्यूल करताना रक्कम आणि तारीख कशी धरता?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

घरचा सगळा हिशेब मी ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. सोसायटीचा मेंटेनन्स, एसआयपी, मुलीच्या क्लासची फी, एलआयसीचा हप्ता हे सगळं शेड्यूल करून टाकलंय, फाईल उघडली की नोंदी आपोआप पडतात. घोडं अडतं ते फक्त क्रेडिट कार्डाच्या बिलापाशी.

एक तर रक्कम दर महिन्याला वेगळी. त्यात तारीखही हलते. आमच्या मोठ्या कार्डाचं स्टेटमेंट १४ तारखेला बनतं आणि तिथून १८ दिवसांनी ड्यू डेट. म्हणजे ऑगस्टचं बिल १ सप्टेंबरला, सप्टेंबरचं २ ऑक्टोबरला आणि फेब्रुवारीचं थेट ४ मार्चला. शेड्यूलमध्ये मात्र "दर महिन्याच्या अमुक तारखेला" एवढंच सांगता येतं.

बँकेत ऑटोपे लावलेलं आहे, त्यामुळे पैसे जायचे तेव्हा जातात, तो प्रश्न नाही. पण आमच्याकडे पगार होतो ७ तारखेला. बिल जातं त्याच्या आधी. तेव्हा मला मधल्या पंधरवड्यातच दिसायला हवं की १ ते ७ या दिवसांत बचत खात्यात नक्की किती उरणार आहेत, म्हणजे त्याप्रमाणे बाकीची देणी पुढेमागे करता येतील.

तुम्ही काय करता? मागच्या बिलांची सरासरी टाकता, की हातानेच नोंद करता? दुसरं कुठलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही सांगा.

मी_ठाणेकर

एक्सेल. एका शीटवर सगळी कार्डं, पुढे स्टेटमेंटची तारीख, त्यात दिवस मिळवले की ड्यू डेट आपोआप येते. १४ ऑगस्ट अधिक १८, झालं १ सप्टेंबर. सॉफ्टवेअरला जे जमत नाही ते साध्या बेरजेत होतं.

चकली

वाचतेय. मी मोबाईलवरच्या ॲपमध्ये ठेवते. बिल भरलं की "खर्च : क्रेडिट कार्ड" अशी एकच नोंद करते. शेड्यूलची भानगडच नाही.

ताळेबंद

चकलीताई, इथेच गडबड होते, आणि फार जणांची होते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिल भरणं हा खर्च नाहीच. खर्च तुम्ही मिक्सर घेतलात त्या दिवशी झाला. त्या दिवशी तुमच्यावर बँकेचं देणं चढलं. बिल भरता तेव्हा फक्त ते देणं उतरतं, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे जातात. आता समजा १० तारखेला ४,२०० चा मिक्सर कार्डावर घेतला, तो "घरगुती वस्तू"मध्ये लिहिला आणि पुढच्या महिन्यात बिलाचे ४,२०० परत "खर्च : क्रेडिट कार्ड"मध्ये लिहिले. एकच मिक्सर दोनदा घेतला असं वहीत दिसणार. आणि खरेदी लिहिलीच नाही, फक्त बिल लिहिलं, तर वर्षाच्या शेवटी "क्रेडिट कार्ड" नावाच्या एकाच डब्यात दोन-तीन लाख पडलेले दिसतात. त्यात किराणा किती, औषधं किती, पेट्रोल किती, काही कळत नाही.

त्यामुळे कार्डाचं खातं देण्यांमध्ये उघडायचं. ग्नूकॅशमध्ये त्यासाठी क्रेडिट कार्ड असा खात्याचा वेगळा प्रकारच आहे, त्यात रकान्यांची नावंही चार्ज आणि पेमेंट अशी येतात. बिलाचं शेड्यूल लावायचं ते बचत खातं ते कार्ड खातं अशा ट्रान्सफरचं. निशिगंध यांनी ते तसंच केलं असणार, त्यांचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

निशिगंध

हो ताळेबंद, कार्ड देण्यांमध्येच आहे. ठाणेकर, तारखेचं तुमचं गणित बरोबर आहे, पण एक्सेलमध्ये मला बचत खात्याची पुढची शिल्लक दिसत नाही ना, त्यासाठी सगळीच देणी तिथे न्यावी लागतील.

चकली

ताळेबंद, आत्ता उघडून बघितलं, "क्रेडिट कार्ड" याच डब्यात सगळ्यात जास्त पैसे आहेत! बदलते. पण मग प्रत्येक खरेदी हाताने लिहायची का?

ताळेबंद

मी रोज रात्री कार्डाचे एसएमएस बघून लिहितो, पाच मिनिटं लागतात. रोज जमणार नसेल तर आठवड्याने लिहा. स्टेटमेंट आल्यावर एकदम लिहायला बसलात तर "पेमेंट गेटवे"च्या नावाने दिसणारी खरेदी नेमकी कशाची ते आठवत नाही.

रानमेवा

मला खरंच कळत नाही, ऑटोपे आहे ना? मग कशाला एवढा व्याप? बँक कापून घेते, खात्यात पैसे ठेवा, विषय संपला.

जुना_खातेदार

रानमेवा, मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि शेवटची काही वर्षं ग्राहकांच्या तक्रारी बघितल्या, म्हणून सांगतो. ऑटोपे जरूर लावावं, पण लावून विसरू नये.

पहिली गोष्ट, ऑटोपे कशाचं लावलंय ते बघा. फॉर्मवर दोन पर्याय असतात, टोटल अमाउंट ड्यू आणि मिनिमम अमाउंट ड्यू. पुष्कळांचं मिनिममवर लागलेलं असतं आणि त्यांना पत्ताच नसतो. दर महिन्याला पैसे कापल्याचा मेसेज येतो, माणूस निर्धास्त. बिल ४०,००० चं, मिनिमम ५ टक्के धरलं तर कापले २,०००. उरलेल्या ३८,००० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,३३० रुपये व्याज, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २४० च्या आसपास. वर्षाचा दर काढा, ४२ टक्के होतो. शिवाय बाकी ठेवली की बिनव्याजी मुदत जाते, मग नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही एवढंच, व्याज चुकत नाही. हा फरक लोकांना माहीत नसतो.

दुसरी गोष्ट, खात्यात पैसे कमी पडले तर ऑटोपे परत जातं. मग बँकेचा बाऊन्स चार्ज वेगळा आणि कार्डाची लेट फी वेगळी. निशिगंधताई आधी शिल्लक बघू म्हणतायत ते त्याचसाठी असावं, आणि अगदी रास्त आहे.

एक दिलासाही आहे. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबद्दलचे जे एकत्रित निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले, त्याप्रमाणे थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली तरच लेट फी लावता येते आणि क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला) कळवता येतं. पण चौथा दिवस उजाडला की दिवस मोजायचे ते मूळ ड्यू डेटपासूनच. तेव्हा हे तीन दिवस अडचणीसाठी ठेवावेत, शेड्यूल लावताना धरू नयेत.

रानमेवा

काका, आत्ता ॲपमध्ये जाऊन बघितलं. टोटलच आहे. पण बघायला लावलंत ते बरं झालं, बायकोच्या कार्डाचं पण बघतो.

भटक्या_सातारी

वाखूसा (वाचनखूण साठवली).

ऑटोपेबद्दल माझाही अनुभव. एका महिन्यात बाहेरगावी जायचं होतं म्हणून ड्यू डेटच्या दोन दिवस आधीच यूपीआयने पूर्ण बिल भरून टाकलं. ड्यू डेटला बँकेने ऑटोपेने परत पूर्ण बिलाएवढे पैसे कापले. कस्टमर केअर म्हणे ऑटोपेची फाईल आधीच गेलेली असते, तुमची जादा रक्कम कार्डावर जमा दिसेल, पुढच्या बिलात वापरा. पैसे बुडाले नाहीत हे खरं, पण ऐन महिनाअखेरीला बचत खातं रिकामं, घरभाड्याचा आपोआप जाणारा हप्ता (ईसीएस) परत गेला आणि घरमालकाची बोलणी खावी लागली. दुसऱ्या एका बँकेच्या कार्डावर असंच आधी भरलं होतं तर तिथे ऑटोपेने फक्त उरलेले कापले. म्हणजे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आपल्या बँकेला एकदा लेखी विचारून ठेवा.

पावसाळी

मी तर खरेदी केली की त्याच रात्री कार्डावर पैसे भरते. बिल येतं तेव्हा शून्य. काय शेड्यूल करायचं?

मी_ठाणेकर

पावसाळी, मग कार्ड कशाला? ४५-५० दिवस बँकेचे पैसे फुकट वापरायला मिळतात तेच सोडून द्यायचं?

पावसाळी

पॉइंट्स मिळतात की! आणि डोक्याला ताप नाही. पैसे हातात आहेत असं वाटून जो जास्तीचा खर्च होतो तो माझा होत नाही. ज्याला जे सोसतं ते.

ताळेबंद

पावसाळी यांच्या पद्धतीत चूक काही नाही, फक्त लिमिट कमी असेल त्यांना ती जास्त उपयोगी. लिमिट ५०,००० आणि महिन्याची खरेदी ४०,००० असेल तर बिल बनायच्या आधी थोडं भरून ठेवलं की ब्युरोला कळवला जाणारा लिमिटचा वापर कमी दिसतो. १ जानेवारी २०२५ पासून ब्युरोला माहिती पंधरवड्याने जायला लागली, त्यामुळे हे पूर्वीपेक्षा लवकर दिसतं. पण कर्ज बिर्ज घ्यायचं नसेल तर याच्या मागे लागायची गरज नाही असं माझं मत.

कीबोर्डवाला

मूळ प्रश्नाकडे येतो. मी लिनक्सवर केमायमनी वापरतो, त्यात हे थोडं सोपं जातं. शेड्यूल करताना रक्कम अंदाजे आहे अशी खूण करता येते. मी मागच्या बिलांवरून २०,००० टाकून ठेवतो, नोंद करायची वेळ आली की ते रक्कम विचारतं, तेव्हा खरी टाकायची. तोपर्यंत पुढच्या शिल्लकीच्या अंदाजात हे २०,००० धरलेले असतात. शिवाय तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर आदल्या किंवा पुढच्या कामाच्या दिवशी ढकल असंही सांगता येतं.

दिवाळीच्या महिन्यात मात्र अंदाज बिंदाज काही टिकत नाही :)

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. इकडे तारखेचा प्रश्न येत नाही, कारण २००९ च्या कार्ड ॲक्टनेच सांगितलंय की ड्यू डेट दर महिन्याला एकाच तारखेला यायला हवी आणि बिल निदान २१ दिवस आधी पाठवायला हवं. माझ्या तिन्ही कार्डांची तारीख मी फोन करून ५ करून घेतली आहे. क्विकनमध्ये दर महिन्याच्या ५ तारखेचा रिमाइंडर, रक्कम मागच्या काही पेमेंट्सवरून ते स्वतः अंदाजाने भरतं, बिल आलं की बदलायची.

इकडे घोळ होतो तो रकमेचा. ऑटोपेला तीन पर्याय असतात, मिनिमम, स्टेटमेंट बॅलन्स आणि करंट बॅलन्स. नवीन आलेली मुलं करंट बॅलन्स निवडतात, कारण "सगळं फेडून टाकू". गरज नाही. व्याज टाळायला स्टेटमेंट बॅलन्स पुरतो, स्टेटमेंटनंतरची खरेदी पुढच्या बिलात जाते. सॉफ्टवेअरमध्येही हेच लक्षात ठेवायचं, पेमेंटची रक्कम म्हणजे कार्ड खात्याची आजची शिल्लक नव्हे, स्टेटमेंटच्या तारखेची शिल्लक.

निशिगंध

अटलांटिकपार, हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. १ तारखेला ग्नूकॅशमध्ये कार्डाच्या खात्यावर दिसतात ३१ हजार आणि बिल असतं २३ हजारांचं, कारण मधल्या दिवसांची खरेदी त्यात आलेली असते. म्हणूनच "शिल्लक असेल तेवढी भर" असं शेड्यूल लावून भागत नाही.

गोदाकाठ

अवांतर : इथे कोणी मायक्रोसॉफ्ट मनी वापरत होतं का? मी अजून वापरतो. २००९ मध्ये त्यांनी विकणं बंद केलं, २०१० मध्ये सनसेट नावाची फुकट आवृत्ती दिली, तिला ॲक्टिव्हेशन लागत नाही. बिलांचं कॅलेंडर त्याच्याइतकं सुरेख मी दुसरीकडे बघितलं नाही. सगळी बिलं एका पानावर तारखेप्रमाणे आणि खाली पुढच्या शिल्लकीचा आलेख.

कीबोर्डवाला

गोदाकाठ, बॅकअप घेत जा हो! आणि जमलं तर एकदा क्यूआयएफ या फाईलच्या प्रकारात एक्स्पोर्ट करून ठेवा, ती फाईल ग्नूकॅश आणि केमायमनी दोन्ही वाचतात.

गोदाकाठ

पेनड्राइव्हवर असतो दर रविवारी. क्यूआयएफचं आजच करतो.

ताळेबंद

निशिगंध, तुमच्या प्रश्नावर माझं मत. ग्नूकॅशमध्ये कार्डाच्या बिलाला शेड्यूल लावूच नका, रिकन्सिलिएशनमधून, म्हणजे आपल्या नोंदी स्टेटमेंटशी ताडून, पेमेंट काढा. याची सोय त्यात आधीपासून आहे आणि फार थोडे लोक वापरतात.

प्रेफरन्सेसमध्ये रजिस्टरच्या भागात ऑटोमॅटिक क्रेडिट कार्ड पेमेंट असा एक पर्याय आहे, तो चालू करा. मग १४ तारखेचं स्टेटमेंट आलं की कार्डाचं खातं उघडून रिकन्साइल करायला बसा. वर तारीख १४ टाका, शेवटची शिल्लक स्टेटमेंटवरची टाका, आणि पीडीएफमधली एकेक ओळ बघत समोर टिक करत जा. फरक शून्य झाला की फिनिश. फिनिश केलं की ग्नूकॅश लगेच ट्रान्सफरची खिडकी उघडतं, रक्कम स्टेटमेंटएवढी भरलेली असते. कुठल्या खात्यातून ते निवडा, तारीख ड्यू डेटची टाका, झालं. रक्कम पैशापर्यंत बरोबर, तारीख बरोबर, आणि बिल तपासून झालेलं.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसे कापणं बँकेला जमतं, पण ती रक्कम बरोबर आहे का हे बँक आपल्या वतीने तपासत नाही. मागे एका कार्डावर आम्ही न घेतलेल्या विम्याचे महिन्याला तीनशे आणि काही रुपये लागत होते. फरक शून्य होईना म्हणून ओळ न ओळ बघितली तेव्हा ते सापडलं. नुसतं शेड्यूल असतं आणि अंदाजाची रक्कम मी ऑटोपेच्या आकड्याने बदलून मोकळा झालो असतो तर वर्षभर दिसलं नसतं.

कीबोर्डवाला

ताळेबंद, अर्धा सहमत. रिकन्साइल करायलाच हवं. पण त्यांना बिल यायच्या आधीही अंदाज हवा असेल तर? ८ तारखेला बसून पुढच्या महिन्याचं ठरवायचं असेल तेव्हा तुमच्या पद्धतीत काहीच दिसणार नाही, कारण पेमेंटची नोंद १४ नंतर जन्माला येते. शेड्यूलचा उपयोग तिथे आहे.

ताळेबंद

८ तारखेला कार्डाचं देणं दिसतंच की. बचत खात्यात ६०,००० आणि कार्डावर १८,००० चढलेत, म्हणजे माझे खरे ४२,०००. दोन ओळींची वजाबाकी.

कीबोर्डवाला

वजाबाकी होते, पण कधी द्यायचे ते त्यात येत नाही. ७ तारखेच्या पगाराच्या आधी की नंतर, हाच तर त्यांचा प्रश्न आहे.

ताळेबंद

हं. हे मान्य. ज्यांचा पगार आणि ड्यू डेट लगटून आहेत त्यांना तारीख दिसणं गरजेचं.

भटक्या_सातारी

अजून एक विचारतो. माझं पेमेंट बचत खात्यातून ३० तारखेला जातं आणि कार्डावर १ तारखेला जमा होतं. ग्नूकॅशमध्ये एका व्यवहाराला तारीख एकच. कुठली टाकायची? मधलं "वाटेतले पैसे" असं खातं उघडावं का?

ताळेबंद

नको, नोंदी दुप्पट होतील. बचत खात्यातून गेले ती तारीख टाका, कारण शिल्लक तिथे सांभाळायची आहे. रिकन्साइलची खूण व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी असते, त्यामुळे बचत खात्याच्या बाजूला या महिन्यात टिक आणि कार्डाच्या बाजूला पुढच्या स्टेटमेंटला टिक, काही बिघडत नाही.

चकली

आणि स्टेटमेंट आल्यानंतर रिफंड आला तर? मी ड्रेस परत केला, त्याचे १,८०० बिल बनल्यावर जमा झाले. बिलात तर अख्खी रक्कम आहे.

जुना_खातेदार

चकलीताई, बिल भरायचं बाकी असेल आणि ड्यू डेटच्या आधी रिफंड आला तर तो लगेच त्याच देण्यातून वजा करून तुम्हाला कळवायचा, असं त्याच २०२२ च्या निर्देशांत आहे. तेव्हा ड्यू डेटच्या आधी ॲपमध्ये "आता भरायची रक्कम" काय दिसते ते बघा. कमी दिसत नसेल आणि ऑटोपे पूर्ण रकमेचंच जाणार असेल तरी घाबरू नका, जादाचे कार्डावर जमा राहतील. शंका असेल तर स्टेटमेंटची रक्कम भरून टाकणं श्रेयस्कर.

रानमेवा

ईएमआयवर फोन घेतला तर तो कसा लिहायचा? बिलात फक्त हप्ता येतो, पण लिमिट तर पूर्ण रकमेचं अडकतं.

ताळेबंद

कार्डाच्या खालीच "ईएमआय फोन" असं उपखातं उघडा, पूर्ण किंमत तिथे टाका. दर महिन्याला हप्त्यातली मुद्दल त्या उपखात्यातून मुख्य कार्डाकडे, व्याज आणि त्यावरचा जीएसटी खर्चात. नो कॉस्ट ईएमआय असला तरी व्याजावरचे १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा भरावेच लागतात, ते बिलात वेगळ्या ओळीत दिसतात, बघून घ्या. याचं शेड्यूल मात्र बिनधास्त लावा, तारीख आणि आकडे आधीच ठरलेले असतात.

कीबोर्डवाला

निशिगंध, ग्नूकॅशमध्येच अंदाज आणि खरी रक्कम दोन्ही हवी असेल तर असं करा. शेड्यूल्ड ट्रॅन्झॅक्शनच्या नमुन्यात रकमेच्या जागी आकडा न टाकता एक अक्षर टाका. ते चल धरलं जातं. नोंदीची वेळ आली की फाईल उघडताना जी "मागच्या वेळेपासून" अशी खिडकी येते तिथे ते त्या अक्षराची किंमत विचारतं, आणि दिल्याशिवाय नोंद टाकत नाही. तारीख १ ठेवा आणि "इतके दिवस आधी तयार कर" याच्यात १५ टाका. म्हणजे साधारण १६-१७ तारखेला, बिल येऊन गेल्यावर, ते तुम्हाला रक्कम विचारेल. नोंद पडेल ती पुढच्या महिन्याच्या १ तारखेची, बचत खात्याच्या खाली जी भावी किमान शिल्लक दिसते त्यात ती लगेच धरली जाईल. ज्या महिन्यात ड्यू डेट २ किंवा ४ असेल त्या महिन्यात तारीख हाताने सरकवा. नाही सरकवली तरी एक ते तीन दिवस आधीची दिसेल, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला.

एक लक्षात ठेवा, ग्नूकॅश बंद असताना काहीच आठवण करत नाही. फाईल उघडली तरच. आठवडाभर उघडायची सवय नसेल तर मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये वेगळी आठवण लावा.

पावसाळी

या धाग्यावरून एवढं कळलं की ताळेबंद आणि कीबोर्डवाला यांच्या घरी हरवलेला रुपया सापडल्याशिवाय जेवणं होत नसणार :) छान चर्चा, मनापासून.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही करून बघितलं. सध्या असं बसवलंय :

अक्षरवालं शेड्यूल महिन्याच्या १ तारखेचं, १५ दिवस आधी तयार होणारं. ते विचारतं तेव्हा मी रक्कम लगेच टाकत नाही, आधी कार्ड रिकन्साइल करते, फरक शून्य झाला की तोच आकडा शेड्यूलला देते. ताळेबंद यांनी सांगितलेला ऑटोमॅटिक पेमेंटचा पर्याय बंद ठेवलाय, नाहीतर एकाच बिलाच्या दोन नोंदी पडतील. बिल यायच्या आधीच्या दिवसांसाठी कार्डावर चढलेलं देणं नुसतं डोळ्यांनी बघते, ते पुरतंय. पहिल्याच रिकन्साइलमध्ये सासूबाईंच्या ॲडऑन कार्डावरचं औषधाच्या दुकानाचं एकच बिल दोनदा लागलेलं सापडलं, दुकानदाराने एक परत केलं.

राहिलेली शंका २ ऑक्टोबरची. गांधी जयंती, बँका बंद. त्या दिवशीचं ऑटोपे जाईल का? शेड्यूलमध्ये सुट्टी असेल तर आदला दिवस असं करू का?

जुना_खातेदार

ताई, १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच (खात्यातून आपोआप पैसे कापण्याची बँकांची यंत्रणा) आठवड्याचे सगळे दिवस चालतं, रविवार आणि सुट्ट्या धरून. यूपीआय आणि एनईएफटी तर चोवीस तास आहेतच. त्यामुळे सुट्टी आहे म्हणून थांबेल असं धरून चालू नका, पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात ठेवा. ग्नूकॅशमध्ये तारीख आहे तशीच राहू द्या.

पण मला राहून राहून वाटतंय, तुमचं दुखणं सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. पगार ७ ला आणि ड्यू डेट १ ला, हे मुळात जुळत नाही. बिलिंग सायकल बदलून घ्या. ग्राहकाला निदान एकदा तरी सायकल बदलून द्यायची असं रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. स्टेटमेंट २२-२३ तारखेला आलं की ड्यू डेट १० च्या आसपास जाईल, पगार होऊन गेलेला असेल.

निशिगंध

काका, हे मला माहीतच नव्हतं! ॲपमध्ये शोधलं, कार्डाच्या सेटिंगमध्ये खरंच पर्याय आहे. २२ तारीख निवडता येतेय. बदलताना मधल्या महिन्यात काय होतं, दोन बिलं येतात का?

जुना_खातेदार

बहुतेक ठिकाणी एकच बिल लांबतं किंवा एक छोटं बिल मध्ये येतं, बँकेप्रमाणे बदलतं. बदल करण्याआधी विचारून घ्या आणि आधीच्या बिलाची ड्यू डेट बदलत नाही हे लक्षात ठेवा, ते जुन्याच तारखेला भरायचं.

कीबोर्डवाला

आणि त्या महिन्यात ग्नूकॅशचं जुनं शेड्यूल खोडू नका, शेवटची तारीख टाकून बंद करा. नवं १० तारखेचं उघडा, १५ दिवस आधीचं तसंच ठेवा, म्हणजे २५-२६ ला विचारेल. ऑटोपे नव्या तारखेला आपोआप सरकलंय का तेही पहिल्या बिलाला बँकेच्या ॲपमध्ये बघून घ्या.

निशिगंध

नक्की. ऑक्टोबरचं बिल जुन्या तारखेने जाऊ देते, मग बदलते. पहिलं बिल आलं की इथे लिहीन.